कणकण

तांबोळी आम्लाचा थेंब सोडतो,
काळं प्लॅस्टिक दुधावरची साय सुटावी तसं सुटतं
आणि आत दिसते ती:
तिळाएवढी, निळसर, उघडी.
खिडकी लोट जरा, तो म्हणतो. वास.

पाषाणात, सुतारवाडीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर
आमचं दोन खोल्यांचं दुकान.
पाटीवर लिहिलंय ‘चाचणी केंद्र’,
त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणी
रक्त तपासायला येतं, उपाशीपोटी.

या वेळची पेटी पाण्याच्या मीटरांची.
आठशे चिपा, सख्ख्या बहिणी.
कारखान्यातल्या चाचण्या पार पडलेल्या,
उत्तरं सगळी बरोबर,
होला हो, नाहीला नाही.
पर्वतेबाई म्हणाल्या, इतकं बरोबर आहे
म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.
पाण्याच्याच मीटरबद्दल म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

म्हणून कॅमेरा.
त्याला उजेड कळत नाही, ऊब कळते.
तांबोळीच्या डाव्या गालावर
त्याला एकदा पिवळा डाग दिसला होता,
दाढ किडल्याचं आठवड्यानं कळलं.
खुर्चीवरून उठून गेलेल्या माणसाची बैठक
तो बराच वेळ बघत राहतो.

पहिल्याच दिवशी, जुळवाजुळव चालू असताना,
सापडला! उजव्या कोपऱ्यात, लालबुंद.
बाईंना हाक मारायला मी मागे वळले
आणि डागही वळला.
माझंच कपाळ. सिलिकॉनच्या आरशात.

तेव्हापासून काळं कापड.
एक्केचाळीस अंशांचा मे, पंखा बंद, कापडाआड मी.
करायचं इतकंच:
वीज द्यायची, काढायची. द्यायची, काढायची.
सेकंदाला चार वेळा, दुपारभर,
आणि दर वेळी विचारायचं, कुठे तापलीस?
एकदा विचारलं तर गोंगाट.
चाळीस हजारदा विचारलं की
रस्त्यावरचा डंपर, जिन्यातली पावलं, माझा श्वास
एकमेकांना खाऊन टाकतात
आणि खरंच धुगधुगतंय तेवढं उरतं.
मग जुन्या खेपेतल्या खात्रीच्या चिपेचं चित्र
यातून वजा.

चौथ्या दिवशी वजाबाकीत उरला तो.
हिशेबाच्या गजबजाटापासून लांब,
नकाशात जिथे मोकळी जागा दाखवलीय तिथे,
अंशाचे दोन-तीन हजारांश.
ताप नव्हे. कणकण.
बायका पोराच्या कपाळाला उलटा हात लावतात
आणि म्हणतात, तसं काही नाही,
पण आहे काहीतरी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
मी ते पडद्यावर पाहिलं.

करतो काय तो? ग्राहकानं फोनवर विचारलं.
मोजतो. आकडा भरायची वाट बघतो.
कुठला आकडा?
ते तो सांगत नाही.
म्हणजे आत्ता बिघडलेलं काहीच नाही?
आत्ता नाही.
मग तुम्हाला कळलं कसं?
वाट बघायलाही वीज लागते हो, मी म्हटलं.
पलीकडे कुणीतरी चहात चमचा ढवळत होतं.

हात स्वच्छ आहे, बाई म्हणाल्या,
भिंगातून बघत, कौतुकाच्या दारापर्यंत जाऊन.
एकही तार वाकडी नाही.
कुठल्या शहरात, कुणी बसून काढला असेल,
त्याला तरी सांगितलं असेल का, हा कशासाठी?
तांबोळीनं ती चिप होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली,
वर चिकटपट्टी लावली,
तारीख लिहिली. नाव काय लिहू, विचारत
पेन धरून उभा राहिला.

संध्याकाळी सोसायटीत शिरताना
मीटरांच्या रांगेपाशी थांबले.
गेल्याच महिन्यात बसवलेत. त्याच कंपनीचे.
वॉचमन फोनवर आहे असं बघून
आमच्या मीटरला उलटा हात लावला.
मग शेजारच्यांच्या. मग त्यापलीकडच्या.

पश्चिमेची भिंत, दिवसभराचं ऊन.
सगळेच तापलेले.